लग्न झालं की पुन्हा ‘अज्ञान’: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एकोणिसाव्या शतकातल्या नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या स्त्रियांच्या हक्कांबद्दल आलेल्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. नाटकवाल्यांचे आहेत, परीक्षेला बसणाऱ्यांचे आहेत, वकिलांचेही आहेत. बहुतेकांची गाठ शेवटी एकाच ठिकाणी पडते: बाईच्या कमाईची किल्ली कोणाच्या कमरेला?

प्रश्न: आमची हौशी संस्था नॉर्वेचा नाटककार इब्सेन याचं ‘डॉल्स हाउस’ बसवते आहे. तालमीत वाद झाला. नोरा वडिलांची खोटी सही का करते? सरळ स्वतःच्या नावावर कर्ज का काढत नाही? दिग्दर्शक म्हणतात, त्या काळी नॉर्वेत बाईला कसलाच हक्क नव्हता. (एक वाचक, सोलापूर)

दिग्दर्शकांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे, आणि जे अर्धं सुटलं त्यातच नाटकाची मेख आहे. नाटक डिसेंबर १८७९ मध्ये कोपनहेगनला छापलं गेलं आणि त्याच महिन्यात तिथल्या रॉयल थिएटरमध्ये रंगभूमीवर आलं. तोवर नॉर्वेतली अविवाहित प्रौढ बाई कायद्यानं सज्ञान झालेली होती. १८६३ पासून पंचविसाव्या वर्षी आणि १८६९ पासून पुरुषांप्रमाणेच एकविसाव्या वर्षी. १८५४ पासून मुलीला मुलाइतका वारसा मिळत होता. १८६६ पासून व्यापारधंदाही खुला होता. म्हणजे नोरा अविवाहित असती तर स्वतःच्या सहीनं करार करू शकली असती. विधवा असती तरी करू शकली असती. तिचं घोडं अडलं ते नवरा जिवंत आहे म्हणून. लग्नाच्या दिवशी बाईचं सज्ञानपण संपत असे, कायद्याच्या भाषेत ती पुन्हा ‘अज्ञान’ ठरत असे आणि नवरा तिचा पालक होत असे. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज काढता येत नाही, हे पहिल्या अंकात तिची मैत्रीण लिंडेबाई नोराला तोंडावर सांगतात. ते वाक्य कापू नका. बऱ्याच प्रयोगांत लांबी कमी करताना नेमकं तेच जातं आणि मग प्रेक्षकाला खोट्या सहीची गरजच कळत नाही.

लिंडेबाईंकडे या नजरेनं पाहिलंत तर पात्राचं वजन वाढेल. त्या विधवा आहेत, कंगाल आहेत, पण स्वतःच्या मालक आहेत. नोकरी मागतात, पगार घेतात, स्वतःचं लग्न स्वतः ठरवतात. नोराकडे घर आहे, मुलं आहेत, नाताळचं झाड आहे, सही नाही. दोघींना समोरासमोर बसवलं की कायद्याची दोन्ही कलमं रंगमंचावर दिसतात.

आता कर्जरोख्याचा तपशील, कारण तो चुकला की पुढचा डाव कोसळतो. रक्कम १,२०० स्पेसीडालर, म्हणजे ४,८०० क्रोनर. नॉर्वेनं १८७० च्या दशकात चलन बदललं, चार क्रोनरचा एक स्पेसीडालर. म्हणून नोरा दोन्ही आकडे सांगते. जुनं नाणं अजून लोकांच्या तोंडात आहे. सावकार क्रोग्स्टाडनं जामीनदाराची जागा वडिलांसाठी ठेवली होती आणि तारीखही त्यांनीच आपल्या हातानं घालावी म्हणून कोरी सोडली होती. वडील वारले २९ सप्टेंबरला. कागदावर तारीख पडली २ ऑक्टोबर. क्रोग्स्टाड हे दोन आकडे एकामागून एक उच्चारतो तेव्हा मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवा. अनेक नट तो संवाद घाईत उरकतात आणि प्रेक्षक तारखांचा हिशेब करेपर्यंत पुढचा प्रसंग सुरू झालेला असतो.

शेवटाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. मूळ नाटकात नोरा नवऱ्याला आणि मुलांना सोडून घराबाहेर पडते. नोरा मुलांसाठी थांबते असा शेवट कोणी सुचवला तर तो ‘मूळ’ नाही, पण इब्सेनच्याच हातचा आहे. जर्मनीत इब्सेनसारख्या परदेशी लेखकाला कायद्याचं संरक्षण नव्हतं. हेडविग निमान-राबे या अभिनेत्रीनं घर सोडून जायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी म्हणून त्यानं १८८० मध्ये तो लिहून दिला. त्याला स्वतःला तो शेवट अत्याचारच वाटत होता. मराठीत अनंत काणेकरांनी याच नाटकावरून ‘घरकुल’ केलं. तुम्ही मूळ नॉर्वेतच नाटक ठेवणार असाल तर ठेवा. अर्धं इथे आणि अर्धं तिथे केलंत तर कायद्याची अडचणच नाहीशी होते, कारण आपल्याकडे स्त्रीधनाचा नियम वेगळा होता.

प्रश्न: स्वीडनमध्ये अविवाहित स्त्री सज्ञान झाली ते वर्ष एका पुस्तकात १८५८, दुसऱ्यात १८६३, तिसऱ्यात १८८४ दिलं आहे. परीक्षेत कोणतं लिहू? (एक विद्यार्थिनी, पुणे)

तिन्ही बरोबर आहेत. तीन वेगळ्या गोष्टींची ती तीन वर्षं आहेत, म्हणून वर्षासोबत अटही लिहा.

१८५८ च्या आधी स्वीडनमधली लग्न न झालेली बाई कितीही वयाची असो, बापाच्या किंवा भावाच्या पालकत्वाखाली असे. सुटका हवी तर थेट राजाकडे अर्ज करायचा. फ्रेडरिका ब्रेमर ही युरोपभर वाचली जाणारी कादंबरीकार. तिला स्वतःच्या लेखनाच्या पैशांवर हक्क मिळवण्यासाठी १८४० मध्ये असा अर्ज करावा लागला, कारण वडिलांच्या पश्चात पालकत्व भावाकडे गेलं होतं. १८५८ च्या कायद्यानं राजाचं दार सोडून स्थानिक न्यायालयाचं दार दाखवलं. वय पंचवीस पूर्ण असावं आणि बाईनं स्वतः अर्ज करावा. मागितलं तर मिळायचं, न मागितलं तर नाही. ज्या घरात भावाच्या शब्दाबाहेर जाता येत नाही, तिथल्या बाईनं भावाविरुद्ध कचेरीत अर्ज द्यायचा, ही अट कागदावर जितकी सोपी तितकी घरात अवघड. १८६३ मध्ये अर्जाची भानगड गेली. पंचविशी पूर्ण झाली की आपोआप सज्ञान. १८८४ मध्ये वय एकवीसवर आलं, म्हणजे पुरुषाइतकं झालं.

यात एक गंमत आहे. १८६३ ते १८७२ या काळात स्वीडनमधली सव्वीस वर्षांची बाई दुकान चालवू शकत होती, करार करू शकत होती, पण लग्नाला मात्र बापाची किंवा वडीलधाऱ्याची संमती लागत होती. एकविसाव्या वर्षानंतर स्वतःचा नवरा स्वतः निवडायची मुभा १८७२ मध्ये मिळाली. आणि निवडला की पुन्हा अज्ञान.

डेन्मार्कसाठी १८५७ लक्षात ठेवा: अविवाहितेचं सज्ञानपण, समान वारसा आणि धंद्याचं स्वातंत्र्य हे सगळं त्याच सुमाराला आलं. विवाहितेचं पूर्ण सज्ञानपण आलं ते नॉर्वेत १८८८, डेन्मार्कमध्ये १८९९ आणि स्वीडनमध्ये थेट १ जानेवारी १९२१ ला. सुरुवात लवकर करणारा स्वीडन इथे सगळ्यांत मागे राहिला. परीक्षेत ‘स्कॅन्डिनेव्हियात १८५८ साली स्त्रिया सज्ञान झाल्या’ असं सरसकट वाक्य लिहिलंत तर तपासणाऱ्यानं गुण कापले तरी तक्रार करू नका.

प्रश्न: अविवाहित स्त्रियांनाच आधी हक्क का मिळाले? आपल्याकडे सुधारणेचा रोख सती, विधवाविवाह, संमतिवय असा विवाहित आणि विधवा स्त्रियांकडे होता. (एक वाचक, कोल्हापूर)

कारण तिथला पेच वेगळा होता. या देशांत लग्नं उशिरा होत, मुलींचीही बहुतेक पंचविशी उलटल्यावर, आणि बऱ्याच स्त्रिया जन्मभर अविवाहित राहत. शतकाच्या उत्तरार्धात तरुण पुरुष अमेरिकेला जाऊ लागले. स्वीडनमधून १९३० पर्यंत दहा लाखांहून अधिक माणसं गेली. मधल्या थरातले अधिकारी, पाद्री, छोटे जमीनदार यांच्या घरात दोन-तीन अविवाहित मुली असणं नेहमीचं झालं. पूर्वी अशा मुली भावाच्या घरी सूत काढत, विणत, मुलं सांभाळत. गिरणीचं कापड स्वस्त झालं तसं त्या कामाचं मोल गेलं आणि उरलं ते खाणारं तोंड.

म्हणून संसदेतल्या पुरुषांनी हक्क दिले त्यामागे न्यायबुद्धीइतकाच भावांच्या खिशाचा विचार होता, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिला कमावू द्या, दुकान काढू द्या, शिक्षिका होऊ द्या, म्हणजे ती आपल्यावर पडणार नाही. १८६० च्या दशकात स्वीडनच्या टपाल आणि तार खात्यांत स्त्रिया दिसू लागल्या. १८६१ मध्ये स्टॉकहोमला शिक्षिकांसाठी उच्च अध्यापन विद्यालय निघालं. डेन्मार्कमध्ये मथिल्डे फिबिगर या लेखिकेनं एकविशीच्या आसपास लिहिलेल्या कादंबरीनं मोठा वादंग उठवला होता. तीच पुढे १८६६ मध्ये सरकारी तारखात्यात नोकरीला लागलेली पहिली स्त्री ठरली. विवाहितेबद्दल मात्र हा हिशेब उलटा होता. तिच्या हाती पैसा दिला तर नवऱ्याच्या हातचा जात होता.

प्रश्न: ‘विवाहितेला स्वतःच्या कमाईवर हक्क’ या कायद्यांचा प्रत्यक्ष अर्थ काय? भारतातला १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा त्याच धर्तीचा होता का? (एक वकील वाचक, मडगाव)

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी. वर्ष स्वीडनच्या कायद्याचंच, १८७४, पण नातं इंग्लंडच्या कायद्याशी. विवाहितेचा पगार ही तिची वेगळी मिळकत, असं आपल्याकडच्या कायद्यात होतं. मात्र हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रिया त्यातून वगळल्या होत्या.

आता स्कॅन्डिनेव्हिया. तिथे नवराबायकोची मिळकत सामाईक मानली जाई. बायकोचा वाटा कागदावर असे, संसार मोडला तर हिशेबात येई, मेल्यावर वाटणीत दिसे. पण विकणं, गहाण टाकणं, कर्ज काढणं सगळं नवऱ्याच्या हाती. सामाईक घडा, पण ओतणारा एकच. स्वीडनमध्ये १८७३ मध्ये विवाहितेच्या मालमत्ता-हक्कासाठी खास संस्था निघाली आणि १८७४ मध्ये कायदा आला. त्यानं दोन गोष्टी दिल्या: लग्नाआधी करार करून स्वतःची मालमत्ता स्वतःच सांभाळायची मुभा, आणि स्वतःच्या कामातून मिळवलेल्या पैशांवर ताबा. डेन्मार्कमध्ये फ्रेडरिक बायर या खासदारानं लावून धरलेला कायदा १८८० चा. बायर आणि त्याची पत्नी मथिल्डे यांनीच १८७१ मध्ये डॅनिश स्त्री-संघटना उभी केली होती. या कायद्याच्या नावातच पाचर आहे. स्त्रीनं ‘स्वतंत्र व्यवसायातून’ मिळवलेलं तिचं.

हा ‘स्वतंत्र’ शब्द वकील म्हणून तुमच्या लगेच ध्यानात येईल. शिक्षिका, दाई, शिवणकाम करणारी यांची कमाई मोजता येते, वेगळी ठेवता येते. पण शेतकऱ्याची बायको पहाटे गाई पिळते, लोणी काढते, बाजाराला पाठवते, तिची कमाई कोणती? नवऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसणारीची? ती सगळी सामाईक घड्यात. डेन्मार्कमधल्या बहुसंख्य बायका शेतावरच होत्या. दुसरी अडचण साधीच, पण रोजची: कमाई एकदा घरखर्चात मिसळली की तुझी कोणती आणि माझी कोणती हे सिद्ध करणार कसं?

नॉर्वेनं १८८८ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. विवाहितेला सज्ञानच केलं, कमाईवर ताबा दिला, करारानं वेगळी मिळकत ठेवू दिली. त्यासाठी १८८४ मध्ये इब्सेन, ब्यर्नसन, योनास ली आणि शिएलान या चार लेखकांनी संसदेकडे अर्ज केला होता. तरीही सामाईक मिळकतीचा कारभार नवऱ्याकडेच राहिला. म्हणजे बाई सज्ञान, पण घराच्या पैशापुरती नवऱ्याच्या मर्जीवर. तो कारभार दोघांच्या हाती यायला स्वीडनमध्ये १९२१, डेन्मार्कमध्ये १९२५ आणि नॉर्वेत १९२७ उजाडलं. १८८८ ला ‘समानता आली’ असं लिहिणाऱ्यांनी ही पुढची चाळीस वर्षं कुठे ठेवली कोण जाणे.

प्रश्न: विद्यापीठं खुली झाली म्हणजे सगळं खुलं झालं ना? रशियन गणितज्ञ सोफिया कोवालेव्स्काया तर स्टॉकहोमला प्राध्यापक होती. (एक शिक्षिका, नाशिक)

कोवालेव्स्कायाच्या उदाहरणानं भले भले फसतात. तिला नोकरी मिळाली ती स्टॉकहोमच्या नव्या उच्च विद्यालयात, गणिती मिटाग-लेफ्लरच्या खटपटीनं. ती संस्था खासगी होती. उप्साला किंवा लुंड या सरकारी विद्यापीठांत ते शक्यच नव्हतं, कारण स्वीडनच्या १८०९ च्या राज्यघटनेत सरकारी पदं ‘जन्मानं स्वीडिश पुरुषां’ना असं लिहिलेलं होतं. कोवालेव्स्काया १८८४ मध्ये प्राध्यापक झाली, १८८९ मध्ये कायम झाली. एल्सा एशेल्सन ही स्वीडनमधली कायद्याची पहिली स्त्री डॉक्टर. १८९७ मध्ये पदवी घेऊन उप्सालात शिकवू लागली, पण तिच्या वाट्याला प्राध्यापकपद आलं नाही.

आता वाट कशी होती ते पाहा. १८७० मध्ये स्वीडनच्या मुलींना विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेला बसू दिलं, पण बाहेरून. सरकारी माध्यमिक शाळा मुलांच्या, त्या मुलींना १९२७ पर्यंत बंद. मुलीनं फीवाल्या खासगी शाळेत शिकायचं आणि परीक्षा दुसरीकडे जाऊन द्यायची. स्टॉकहोमच्या वालिन शाळेला स्वतः परीक्षा घ्यायचा अधिकार १८७४ मध्ये मिळाला, तोवर हीच तऱ्हा. १८७२ मध्ये बेट्टी पेटरसन उप्सालात दाखल झाली. १८७३ मध्ये पदव्या खुल्या झाल्या, त्याही धर्मशास्त्र आणि कायद्यातली वरची पदवी सोडून. म्हणजे पैसेवाल्या, शहरातल्या बापाची मुलगीच विद्यापीठात पोचणार, हे शाळेच्या दारातच ठरत होतं.

डेन्मार्कनं १८७५ मध्ये दार उघडलं. नील्सीन नील्सेन १८७७ मध्ये दाखल झाली आणि १८८५ मध्ये डॉक्टर झाली. नॉर्वेत सेसिली थोरेसेनला परीक्षेला बसायचं होतं, नियमाचा अर्थ लावून नकार मिळाला. मग हागबार्ट बेर्नर या खासदारानं विधेयक आणलं, १८८२ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी ती पहिली विद्यार्थिनी ठरली. सगळ्या पदव्या १८८४ मध्ये खुल्या झाल्या आणि त्याच वर्षी बेर्नर आणि गीना क्रोग यांनी नॉर्वेतली स्त्री-हक्क संघटना स्थापली. वैद्यकीकडे मुली जास्त वळल्या याचंही कारण यातच आहे. डॉक्टरला सरकारी पद लागत नाही, पाटी लावली की झालं.

प्रश्न: ही सगळी उच्चवर्गीय बायकांची चळवळ नव्हती का? (एक वाचक, इचलकरंजी)

बरीचशी होती. मालमत्तेचा कायदा तिलाच उपयोगी, जिच्याकडे मालमत्ता आहे. स्वीडनमध्ये १८६२ मध्ये स्थानिक निवडणुकीत कर भरणाऱ्या अविवाहित आणि विधवा स्त्रियांना मत मिळालं, पण मतांची संख्या करावर ठरायची. श्रीमंत विधवेला अनेक मतं, तिच्या मोलकरणीला एकही नाही. मत कंपन्यांनाही होतं.

पण ऑक्टोबर १८८९ मध्ये ख्रिस्तियानियात (आजच्या ओस्लोत) काड्यापेट्यांच्या दोन कारखान्यांतल्या, ब्रीन आणि ग्रनवोल्डच्या, चारशेच्या आसपास बायका-मुली संपावर गेल्या. कारण होतं मजुरीतली कपात. पांढऱ्या फॉस्फरसचा प्रश्नही वर आला. त्याची वाफ किडक्या दातांतून जबड्याच्या हाडात शिरते, हाड कुजतं आणि शेवटी कापून काढावं लागतं. लाल फॉस्फरसच्या ‘सेफ्टी’ काड्या स्वीडनच्या यनशपिंगमध्ये कधीच्या बनत होत्या आणि डेन्मार्कनं पांढऱ्यावर १८७४ मध्ये बंदीचा कायदा केला होता, म्हणजे उपाय शेजारच्याच देशांत होता. ब्यर्नसननं संपवाल्यांची बाजू घेतली, पैसे जमले, मोर्चा निघाला. काही आठवड्यांनी संप मोडला. मजुरीत फारसं काही हाती लागलं नाही, पण बायकांची स्वतःची युनियन उभी राहिली. हक्कवाल्या संघटनांना कामगार बायकांची भाषा बोलायला यानंतरच यायला लागलं, आणि तीही अडखळत.

प्रश्न: ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक ब्यर्नसनच्या नाटकावरून केलं, असं वाचलं. मूळ वाद कशाबद्दल होता? (एक वाचक, गिरगाव)

नाट्यमन्वंतर या संस्थेनं १९३३ मध्ये केलेलं, वर्तकांचं ‘आंधळ्यांची शाळा’ ब्यर्नसनच्या १८८३ च्या नाटकावर बेतलेलं आहे. मूळ नावाचा अर्थ ‘हातमोजा’. नायिकेला कळतं की होणाऱ्या नवऱ्याचे पूर्वी संबंध होते. ती हातमोजा त्याच्या तोंडावर फेकते, कारण तिच्याकडून जी शुद्धता मागितली जाते तीच तिला त्याच्याकडून हवी आहे. यावरून सगळ्या स्कॅन्डिनेव्हियात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पुरुषालाही बाईइतकंच कडक बंधन. ख्रिस्तियानियाच्या बोहेमियन, म्हणजे रूढी न जुमानणाऱ्या तरुणांचं म्हणणं उलटं: बाईलाही पुरुषाइतकी मोकळीक. ब्यर्नसननं एकपत्नीत्वावर व्याख्यान तयार केलं आणि १८८७-८८ मध्ये ते घेऊन गावोगाव फिरला.

पण वादाखाली एक पोलिसी व्यवस्था होती. वेश्यांची नोंद, ठरावीक दिवशी पोलिस-डॉक्टरकडे सक्तीची तपासणी, गिऱ्हाइकाची काहीच नाही. चित्रकार क्रिस्तियान क्रोगनं यावर लिहिलेली कादंबरी डिसेंबर १८८६ मध्ये आली आणि लगेच जप्त झाली. त्याच विषयावरचं त्याचं भलं मोठं चित्र, पोलिस-डॉक्टरच्या खोलीबाहेर थांबलेल्या बायकांचं, आज ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ख्रिस्तियानियातली ही तपासणी १८८८ मध्ये बंद झाली, डेन्मार्कमध्ये १९०६ आणि स्वीडनमध्ये १९१८ मध्ये.

प्रश्न: ख्रिस्तियानिया नकाशात सापडत नाही. (एक विद्यार्थी, लातूर)

ओस्लो शोधा. नाव १९२५ मध्ये बदललं. जुन्या पुस्तकांत हेच नाव कधी ‘सी’नं, कधी ‘के’नं सुरू होतं. इंग्रजी सूची चाळताना दोन्ही अक्षरांखाली पाहा.